पंडिता रमाबाई : एका भाकरीची गोष्ट



वॉटफर्डमधे राहणाऱ्या मुलांना पाऊस म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. शनिवारी वर्गाला येताना निम्म्या जणांच्या छत्र्या ओल्या असतात. पाऊस फार झाला की पूर येतो हेही तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं आहे. पण पाऊस आलाच नाही तर काय होतं? एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही? विहिरी आटतात, शेतं करपतात, धान्य महाग होतं आणि मग मिळेनासं होतं. याला आपल्या भाषेत दुष्काळ म्हणतात. पूर एका रात्रीत येतो, दुष्काळ हळूहळू येतो. पण दोघांनंतर प्रश्न एकच उरतो : शेजारच्या माणसासाठी दार कोण उघडणार?

या अंकात आम्ही अशाच एका बाईंची गोष्ट सांगणार आहोत. त्यांचं नाव पंडिता रमाबाई. त्यांनी दुष्काळात सापडलेल्या जवळजवळ दोन हजार बायका-मुलींना घर दिलं. आणि मुलांनो, त्या तुमच्यासारख्याच इंग्लंडमधे राहून गेल्या आहेत. वॉटफर्डहून गाडीने साधारण दीड तासावर असलेल्या एका गावात त्या मराठी शिकवत होत्या! ते गाव कोणतं, हे पुढे येईलच.

रानातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. त्या काळी मुलींनी संस्कृत शिकू नये असं लोक मानत. अनंतशास्त्रींना ते पटत नव्हतं. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला सुरुवात केली. लोक रागावले. तेव्हा ते कर्नाटकात सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी जाऊन राहिले. तिथेच रमेचा जन्म झाला.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. आई, वडील, भाऊ श्रीनिवास, बहीण कृष्णाबाई आणि रमा. गावोगावी देवळात पुराण सांगायचं, लोक जी दक्षिणा देतील त्यावर राहायचं. रमेला शाळा अशी नव्हतीच. चालता चालता आई शिकवी आणि मुलगी पाठ करी. हजारो श्लोक तिला असे तोंडपाठ झाले. आपल्या वर्गातल्या ज्या मुलांना पाढे पाठ करायचा कंटाळा येतो त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं!

एक भाकरी

१८७४च्या सुमाराला दक्षिण भारतात दुष्काळ पडला. लोकांकडेच खायला नव्हतं, तर पुराण सांगणाऱ्यांना दक्षिणा कोण देणार? आधी घरातले दागिने गेले. मग चांदीची, पितळेची भांडी विकली. मग विकण्यासारखं काहीच राहिलं नाही. दुसरं कोणतंही कष्टाचं काम या घरात कोणाला शिकवलेलंच नव्हतं. भीक मागायची तर लाज वाटे. एकदा तर रानात अकरा दिवस आणि अकरा रात्री या कुटुंबाने पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढल्या. त्या रानातच वडील गेले.

थोड्याच दिवसांत आई आजारी पडली. तिला काहीतरी खायला हवं होतं. रमा शेजारच्या घरी गेली. बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मागायचा, एवढंच काम होतं. शेजारीण चांगली होती, तिने मायेने विचारपूस केली. पण रमेच्या तोंडून शब्दच फुटेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मागायची लाज, आईची काळजी, पोटातली भूक, सगळं एकदम दाटून आलं. शेवटी त्या बाईंनीच ओळखलं आणि तिच्या हातावर भाकरी ठेवली. आभार मानायचंही रमेला सुचलं नाही. ती घराकडे पळत सुटली. पण आईला आता ती भाकरी खाण्याची ताकद नव्हती. लवकरच आई गेली.

तिला न्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन माणसं मिळाली, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. तिची उंची लहान, खांद्याला खांदा लागेना. म्हणून तिने आपला वाटा डोक्यावर घेतला. पुढे बहीणही गेली. उरले रमा आणि श्रीनिवास.

पालकहो, हा भाग लहान मुलांना जड जाईल का, असा विचार आम्ही केला. पण तो गाळला तर पुढची गोष्ट समजणार नाही. म्हणून तो ठेवला आहे. मुलांबरोबर बसून वाचावा ही विनंती.

ही दोन भावंडं मग हजारो मैल पायी हिंडली. पार पंजाब, काश्मीरपर्यंत. झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना, पांघरायला काही नाही, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे केले आणि गळ्यापर्यंत कोरड्या वाळूत स्वतःला पुरून घेऊन रात्री काढल्या. रानातली बोरं मिळत ती आठळीसकट गिळत.

पंडिता

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मराठी मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क झाले. त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ज्या विद्येपायी वडिलांना रानात राहावं लागलं, त्याच विद्येचा आता भर सभेत सत्कार झाला.

पण सुख फार टिकलं नाही. १८८० साली श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, म्हणून पुष्कळ लोक रागावले. १८८१ साली मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीच्या साथीत पती वारले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. सरकारच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी सांगितलं, की भारतातल्या बायकांसाठी स्त्री-शिक्षिका हव्यात आणि स्त्री-डॉक्टरही हव्यात. आपण स्वतः डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटू लागलं. त्यासाठी १८८३ साली त्या बोटीने इंग्लंडला आल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा होती.

वाँटेजचा मराठी वर्ग

आता ते गाव सांगतो : वाँटेज. ऑक्सफर्डच्या पलीकडे आहे. तिथल्या चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आहे. तो १८७७ साली बसवला, म्हणजे रमाबाईंनीही तो पाहिलेला असणार. या गावात ख्रिस्ती जोगिणींचा, म्हणजे सिस्टर्सचा, एक मोठा आश्रम होता. त्यांच्यापैकी काही जणी पुण्याला सेवेसाठी जात असत. तिथेच त्यांची आणि रमाबाईंची ओळख झाली होती.

रमाबाईंना फुकट राहायचं नव्हतं. त्यांनी सरळ देवघेव ठरवली. आपण भारतात जाणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायचं आणि त्यांच्याकडून इंग्रजी शिकायचं. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका लहान गावात, भर थंडीत, कोणीतरी गोऱ्या बायकांना 'मी आहे, तू आहेस' शिकवत होतं. आपला वर्ग काही पहिला नव्हे!

डॉक्टर व्हायचं स्वप्न मात्र पुरं झालं नाही. रमाबाईंना कमी ऐकू येई, त्यामुळे तो अभ्यास करता येणार नाही असं ठरलं. मग त्या चेल्टनमच्या प्रसिद्ध लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित, शास्त्र, इंग्रजी वाङ्मय शिकत.

याच काळात सिस्टर्सनी त्यांना लंडनमधे फुलम इथे नेलं. तिथे एक आश्रम होता. ज्या बायकांना घरच्यांनी आणि समाजाने टाकून दिलं होतं, ज्यांना लोक दारात उभं करत नसत, अशा बायकांची तिथे सिस्टर्स सेवा करत. त्यांना कोणी टोचून बोलत नव्हतं. रमाबाईंनी असं पूर्वी कुठे पाहिलं नव्हतं. ते त्यांच्या मनात खोल जाऊन बसलं.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला, म्हणजे त्या ख्रिस्ती झाल्या. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. कित्येकांना दुःख झालं, कित्येकांना राग आला. पण इकडे सिस्टर्सनाही ही शिष्या सोपी गेली नाही. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, आपला वेष सोडला नाही, आणि धर्माच्या बाबतीतही पटल्याशिवाय कोणाचं काही मुकाट्याने मान्य केलं नाही. वादाची लांबच लांब पत्रं लिहिली. संस्कृत पंडितांपुढे जशी मान ताठ, तशीच इथेही.

शारदा सदन

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. रमाबाईंची त्यांच्याशी नात्याची ओळख होती. अमेरिकेत रमाबाईंनी गावोगावी भाषणं केली, इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि भारतातल्या विधवा मुलींच्या शाळेसाठी पैसे जमवले. तिथल्या लोकांनी दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं.

बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईला शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. त्या काळी लहानपणीच लग्नं होत. नवरा गेला की दहा-बारा वर्षांच्या मुलीचंही आयुष्य संपलं असं समजत. अशा मुली इथे शिकू लागल्या. शारदा सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली तिचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं. हेच ते महर्षी कर्वे, ज्यांनी पुढे स्त्रियांचं विद्यापीठ काढलं. गोदूबाई हिंदूच राहिल्या आणि आयुष्यभर कर्व्यांच्या कामात उभ्या राहिल्या.

पण १८९३ सालीच मोठं भांडण झालं. शारदा सदनात कोणाच्या धर्माला हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पालकांना वाटलं, हा विश्वासघात आहे. रमाबाईंना वाटे, मी कोणाला बोलावत नाही, पण कोणाला हाकलूनही देणार नाही. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सदनाचे सल्लागार होते. त्यांनी राजीनामे दिले. वर्तमानपत्रांनी टीका केली. बऱ्याच मुलींना पालकांनी घरी नेलं.

कोण बरोबर, कोण चूक? आमच्या शिक्षकांत यावर एकमत झालं नाही, हे मोकळेपणाने सांगतो. पालकांची भीती खोटी नव्हती. ज्याला आपली गरज आहे त्याच्या मनावर आपण दडपण तर आणत नाही ना, हा प्रश्न मदत करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारायलाच हवा. पण त्या मुलींसाठी त्या वेळी दुसरी दारं फारशी उघडी नव्हती, हेही तितकंच खरं.

पुन्हा दुष्काळ

१८९६ साली मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या भागात, भयंकर दुष्काळ पडला. बातमी वाचून रमाबाईंना स्वस्थ बसवेना. वीस वर्षांपूर्वीचं सगळं डोळ्यांसमोर आलं असणार : ते रान, तो पाला, ती न मागता आलेली भाकरी. त्या स्वतः तिकडे गेल्या.

तिथे सरकारी छावण्या होत्या. पण आईबाप गेलेल्या मुली तिथेही सुरक्षित नव्हत्या. वाईट माणसं त्यांना फसवून घेऊन जात. रमाबाईंनी अशा मुली आणि तरुण बायका गोळा केल्या आणि आगगाडीने पुण्याकडे आणल्या. एक, दोन, दहा नव्हे, सुमारे तीनशे. कित्येकींची फक्त हाडं उरली होती. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, तोंडात फोड. फार दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम पोटभर जेवण देता येत नाही, ते सोसत नाही. थोडं थोडं भरवावं लागतं. हे सगळं शारदा सदनातल्या जुन्या मुलींनी केलं. काल ज्यांना आधार मिळाला होता त्या आज दुसऱ्यांचा आधार झाल्या.

त्यातच पुण्यात प्लेगची साथ आली. नवी माणसं शहरात ठेवायला सरकारने मनाई केली. आता एवढ्या मुलींना ठेवायचं कुठे? पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव नावाचं स्टेशन आहे. अमेरिकेची दहा वर्षांची मदत संपल्यावर सदन स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून रमाबाईंनी तिथे आधीच शेतजमीन घेतली होती. त्या उघड्या माळावर त्यांनी तंबू ठोकले आणि मुलींना तिकडे नेलं. पुढे इमारती उभ्या राहिल्या. १८९८ साली त्या घराला नाव मिळालं, मुक्ती सदन.

दोनच वर्षांनी, १९०० साली, गुजराथेत दुष्काळ पडला. मुक्तीतल्या बायका तिकडे गेल्या आणि आणखी तेराशेच्या वर बायका-मुलींना घेऊन आल्या. आता केडगावला जवळजवळ १९०० माणसं झाली. आपल्या मुलांच्या शाळांत साधारण किती मुलं असतात ते आठवा. त्याहून मोठं एक घर, तेही एका कोरड्या माळावर, आणि रोज दोन वेळचं जेवण!

हाताला काम

रमाबाईंना एक गोष्ट पक्की समजली होती. त्यांच्या स्वतःच्या घरात विद्या खूप होती, पण दुष्काळ आला तेव्हा हाताला दुसरं काम येत नव्हतं. म्हणून केडगावला प्रत्येकीला अक्षर शिकवायचं आणि कामही शिकवायचं असा नियम होता. शेती, गाईगुरं, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, स्वयंपाक, आजाऱ्यांची शुश्रूषा. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली. ज्यांना समाजाने टाकलं होतं अशा बायकांसाठी कृपा सदन काढलं. फुलमला पाहिलेलं इथे उगवलं. एक छापखानाही होता, आणि तिथे खिळे जुळवण्यापासून सगळं काम मुली करत.

मुक्ती सदन हे उघडपणे ख्रिस्ती घर होतं. देशोदेशीचे मिशनरी मदतीला आले. शेकडो मुलींनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यावरही टीका झाली. रमाबाईंनी ती ऐकली आणि काम चालू ठेवलं. स्वतः साधी पांढरी साडी नेसत, सगळ्यांबरोबर राहत.

आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी एका मोठ्या कामाला दिली. बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर. ते खेड्यातल्या बाईलाही समजावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या, मूळ ग्रंथावरून भाषांतर केलं आणि मुक्तीच्याच छापखान्यात मुलींकडून छापून घेतलं. १९२१ साली मनोरमा गेली. बोटीत आईच्या मांडीवर बसून इंग्लंडला आलेली, पुढे आईचा उजवा हात झालेली मुलगी. ते दुःख पोटात घालून रमाबाईंनी भाषांतर पुरं केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. पुस्तक १९२४ साली बाहेर आलं.

१९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. इथल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या नावाने आहे. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.

आपल्यासाठी

मुलांनो, या गोष्टीत मोठी मोठी नावं आणि पदव्या आल्या. पण आम्हाला सगळ्यात जास्त आठवते ती नाव नसलेली शेजारीण. तिच्या दारात एक मुलगी उभी राहिली आणि रडू लागली. त्या बाईंनी तिला बोलायला लावलं नाही. न सांगता ओळखलं आणि भाकरी दिली. घरात त्या दिवशी किती भाकऱ्या होत्या कोण जाणे, दिवस तर दुष्काळाचे होते. रमाबाईंनी पुढे केडगावला जे केलं ते हेच होतं, फक्त दोन हजार पटींनी.

पुराची किंवा दुष्काळाची बातमी आली की आपण पैसे पाठवतो, कपडे पाठवतो. तेही करायला हवंच. पण ज्याला मागता येत नाही त्याला ओळखायला शिकणं हे त्याहून अवघड आहे, आणि त्याचा सराव रोज करता येतो. वर्गात नवीन आलेला मुलगा, ज्याला अजून नीट इंग्रजी येत नाही. शेजारच्या घरातल्या एकट्या आजी. डबा विसरलेली मैत्रीण.

या आठवड्यात घरी आई-बाबांना दोन प्रश्न विचारा. तुम्ही या देशात नवीन आलात तेव्हा तुमच्यासाठी दार कोणी उघडलं? आणि तुम्हाला मागायला लाज वाटत होती का? उत्तरं मराठीत पाच-सहा ओळींत लिहून आणा. पुढच्या शनिवारी आपण ती वर्गात वाचू.